विश्लेषण : धातूचा तापलेला थेंब गरम पृष्ठभागावर लवकर का निवतो? संगणकाला हे गणित अवघड का जाते?

वितळलेल्या धातूचा एक थेंब थंड पट्टीवर पडला आणि दुसरा ४०० अंश सेल्सियसला तापवलेल्या पट्टीवर, तर आधी कोणता निवेल? थंड पट्टीवरचा, असे कोणीही सांगेल. प्लाझ्मा फवाऱ्यातील थेंबांवर कॅनडात झालेल्या मोजमापांत मात्र उलटे दिसले. तापवलेल्या पृष्ठभागावरचा थेंब अधिक वेगाने निवला. गॅस टर्बाइन, जलविद्युत केंद्रे आणि कृत्रिम सांधे यांवरचे लेप अशाच लाखो थेंबांचे बनलेले असतात. थेंब नीट बसला नाही, तर लेप सुटतो. त्यामुळे थेंब पडण्याआधीच त्याचे काय होणार हे संगणकावर पाहण्याचा प्रयत्न गेली काही दशके सुरू आहे. हे प्रतिमान कसे काम करते आणि त्याचा कच्चा दुवा कोणता, याविषयी…

हे थेंब पडतात कुठे?

धातू किंवा सिरॅमिकची भुकटी अतितप्त वायूच्या झोतात सोडायची, ती वितळवायची आणि वेगाने एखाद्या भागावर मारायची, या पद्धतीला ‘थर्मल स्प्रे’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्विस अभियंता मॅक्स उलरिख शूप यांनी या तंत्राचा पाया घातला. आजच्या प्लाझ्मा फवाऱ्यात झोताचे तापमान १० हजार अंशांच्या वर जाते. त्यामुळे सुमारे २,७०० अंशांना वितळणारे झिर्कोनियाही त्यात वितळते.

गॅस टर्बाइनमधील वायू इतका तप्त असतो, की पात्यांचा निकेलमिश्रित धातू त्यापुढे उघडा टिकणार नाही. पात्यांच्या आतून खेळवलेली थंड हवा आणि वरचा झिर्कोनियाचा लेप त्यांना सांभाळतात. कृत्रिम खुब्याच्या धातूवर टायटॅनियमचा किंवा हाडातील खनिजाशी साम्य असलेल्या हायड्रॉक्सिॲपेटाइटचा लेप दिला जातो, म्हणजे हाड त्याला धरते. हिमालयातील नद्यांच्या पाण्यात क्वार्ट्झचे टणक कण असतात आणि ते टर्बाइन अक्षरशः खरवडून काढतात. सतलजवरील १,५०० मेगावॅटच्या नाथपा झाकरी प्रकल्पात म्हणूनच टर्बाइनच्या भागांवर टंगस्टन कार्बाइडचा लेप द्यावा लागतो. या लेपाच्या पद्धतीत कण पूर्ण वितळत नाहीत, पण आदळून चपटे होणे आणि चिकटणे हा मूळ प्रश्न तोच राहतो. हैदराबादची ‘एआरसीआय’ ही केंद्र सरकारची संशोधन संस्थाही अशा फवारा-लेपांवर काम करते.

एका थेंबाचे आयुष्य किती?

पन्नास मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे केसाच्या जाडीहून थोडा लहान असा निकेलचा थेंब घेऊ. तो सेकंदाला १०० मीटर वेगाने येतो. स्वतःच्या व्यासाइतके अंतर कापायला त्याला अर्धा मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा २० लाखावा भाग लागतो. आदळल्यावर सव्वा ते दीड मायक्रोसेकंदात तो पूर्ण पसरतो. व्यास पाचपट झाला असे धरले, तर आकारमान तेवढेच राहत असल्याने जाडी उरते जेमतेम १.३ मायक्रॉन. एवढ्यात तो निवतही असतो. अशा फवाऱ्यात निवण्याचा वेग सेकंदाला १० लाख ते १० कोटी अंश इतका असू शकतो.

म्हणजे पसरणे आणि गोठणे या दोन क्रिया एकाच वेळी चालतात. त्यातली कोणती आधी संपते, यावर थेंबाचा शेवटचा आकार ठरतो. नीट पसरून गोठला तर गोल चकती बनते. ती खालच्या थराला घट्ट बसते. मध्येच बिघडले तर कडेला बोटांसारखे फाटे फुटतात, शिंतोडे उडतात, थरात पोकळ्या राहतात. लेप सुटायची सुरुवात बहुधा अशाच जागांपासून होते.

मग प्रयोगच का करत नाहीत?

प्रयोग होतात, पण ते महाग आणि वेळखाऊ असतात. झोताची शक्ती, भुकटीच्या कणांचा आकार, बंदुकीचे अंतर, पृष्ठभागाचे तापमान आणि खडबडीतपणा असे अनेक घटक बदलता येतात. प्रत्येक जोडी करून पाहायची म्हटली तर नमुन्यांचा ढीग लागतो. शिवाय नमुना कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तरी दिसतो तो शेवट. मधल्या दोन मायक्रोसेकंदांत काय घडले, हे गोठलेली चकती सांगत नाही.

थेंब फुटताना पाहण्याची धडपड जुनी आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन यांनी ठिणगीच्या क्षणिक प्रकाशात थेंबांच्या शिंतोड्यांचा अभ्यास केला आणि १९०८ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पण पाणी-दुधाचे थेंब मोठे आणि तुलनेने संथ. फवाऱ्यातला धातूचा थेंब त्यांच्या कैकपट लहान, कैकपट वेगवान आणि वर तळपणारा.

संगणकावर थेंब कसा उभा करतात?

सुरुवात झाली अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे. फ्रान्सिस हार्लो आणि जॉन शॅनन यांनी १९६७ मध्ये थेंबाच्या आदळण्याचे संगणकीय चित्र प्रसिद्ध केले. त्यात पृष्ठताण आणि द्रवाचा दाटपणा दोन्ही वगळले होते, गोठणे तर नव्हतेच. १९७६ मध्ये यान मादेस्की यांनी कागदावर सुटेल असे गणित मांडले. थेंब म्हणजे एक सपाट, पसरत जाणारी चकती असे मानून दाटपणा, पृष्ठताण आणि गोठणे यांचा हिशेब त्यांनी एकत्र केला. किती पसरेल याचा झटपट अंदाज घ्यायला त्यांचे सूत्र आजही वापरतात. मात्र फाटे फुटणे, शिंतोडे उडणे या गोष्टी सपाट चकतीच्या गणितात बसत नाहीत.

पूर्ण चित्रासाठी थेंब आणि त्याच्या भोवतीची जागा लाखो बारीक कप्प्यांत वाटतात. प्रत्येक कप्प्यात दर क्षणाला वेग, दाब आणि तापमान काढले जाते. कप्पा धातूने किती भरला आहे, हे शून्य ते एक या आकड्याने नोंदवतात. शून्य म्हणजे नुसती हवा, एक म्हणजे पूर्ण धातू, मधला आकडा असेल तिथे थेंबाची कड. हर्ट आणि निकोल्स यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही ‘व्हॉल्यूम ऑफ फ्लुइड’ पद्धत आजही सर्रास वापरतात.

गोठण्यासाठी दुसरी युक्ती लागते. वितळबिंदूला धातूचे तापमान थांबते, पण उष्णता बाहेर जात राहते. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. म्हणून नुसत्या तापमानाऐवजी एकूण उष्णतेचा हिशेब ठेवतात. एखादा कप्पा जसजसा गोठतो, तसतसा तिथल्या प्रवाहाला वाढता अडथळा घालतात. व्होलर आणि प्रकाश यांनी १९८७ मध्ये ही मांडणी रूढ केली. कप्पा पूर्ण गोठला की प्रवाह थांबतो.

मोजदाद केली तर काम किती मोठे आहे ते कळते. अडीचशे मायक्रॉन लांब-रुंद आणि ५० मायक्रॉन उंच जागेत पाव मायक्रॉनचे कप्पे केले, तर ते २० कोटी होतात. तरीही १.३ मायक्रॉनच्या चकतीच्या जाडीत जेमतेम पाच कप्पे बसतात. शिवाय दर पावलाला वेळ दोन-अडीच नॅनोसेकंदच पुढे सरकवता येतो, नाहीतर द्रव एका पावलात अख्खा कप्पा ओलांडतो आणि गणित कोलमडते. दहा मायक्रोसेकंदांच्या दृश्यासाठी अशी किमान चार हजार पावले लागतात. म्हणूनच बरेच अभ्यासक थेंबाचा पाव भागच घेतात किंवा कडेपाशी कप्पे बारीक आणि इतरत्र मोठे ठेवतात.

गणित अडते कुठे?

संगणकाची ताकद वाढली की कप्पे वाढवता येतात. खरी अडचण वेगळी आहे. थेंब पृष्ठभागाला नेमका किती ‘टेकला’ आहे, हे समीकरणे सांगत नाहीत.

डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या पोलादावरही सूक्ष्म खाचा असतात. त्यांत हवा अडकते. पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, ओलाव्याचा अदृश्य थर असतो. थेंबाची उष्णता खाली जायची तर तिला हे सगळे ओलांडावे लागते. या एकूण अडथळ्याला औष्णिक संपर्करोध म्हणतात. संगणकात तो एकच आकडा म्हणून भरला जातो. चौरस मीटर-केल्विन प्रति वॅट या एककात तो साधारण दहा लाखाव्या भागापासून दहा कोटीव्या भागापर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे शंभरपटीचा फरक.

तो किती महत्त्वाचा, हे साध्या आकडेमोडीतून दिसते. वरचाच निकेलचा थेंब १.३ मायक्रॉन जाडीचा झाला आहे. तो आणि पृष्ठभाग यांच्यात १,४०० अंशांचा फरक आहे आणि पृष्ठभाग स्वतः तापत नाही, असे धरू. संपर्करोध एककाचा कोटीवा भाग असेल, तर गोठण्यापुरती उष्णता पाव मायक्रोसेकंदाच्या आत निघून जाते. म्हणजे पसरणे संपण्याच्या बरेच आधी. रोध दहापट, म्हणजे दहा लाखावा भाग असेल, तर सव्वादोन मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे पसरणे संपल्यानंतर. थेंब तोच, वेग तोच, तापमान तेच. एक आकडा बदलला आणि थेंबाची गोष्टच बदलली.

हा दहापट रोध किती जाडीच्या हवेइतका? स्थिर हवेच्या उष्णतावहनाचा नेहमीचा आकडा घेतला, तर सुमारे २६ नॅनोमीटर. केसाच्या जाडीचा अडीच हजारावा भागही नाही. लेप टिकणार की नाही, हे इतक्या पातळ फटीवर अवलंबून असू शकते.

मग हा आकडा आणतात कुठून?

बहुतेक वेळा प्रयोगातून, तेही उलट दिशेने. टोरंटो विद्यापीठातील मोहम्मद पसंदिदेह-फर्द, संजीव चंद्रा, जवाद मोस्तघिमी आणि सहकाऱ्यांचा १९९८ मधील अभ्यास याचे चांगले उदाहरण आहे. त्यांनी कथिलाचे २.१ मिलिमीटर व्यासाचे थेंब पोलादी पट्टीवर पाडले. पट्टीचे तापमान २५ ते २४० अंशांच्या दरम्यान बदलले. कथील २३२ अंशांना वितळते आणि थेंब मिलिमीटरचा असल्याने कॅमेऱ्याला सापडतो. पसरणाऱ्या थेंबाची छायाचित्रे घेतली, त्याच्या खालच्या पट्टीचे तापमान क्षणोक्षणी नोंदवले. मग संगणकात उष्णता किती सहज जाते याचा आकडा बदलत राहिले. पट्टीच्या तापमानाचा आलेख ज्या आकड्याला जुळला, तो खरा मानला.

पद्धत प्रामाणिक आहे आणि उपयोगाची आहे. पण तिची मर्यादा लक्षात ठेवायला हवी. असा आकडा त्या धातूचा, त्या पट्टीचा आणि त्या तापमानाचा असतो. कथिलाच्या थेंबावरून काढलेला आकडा निकेलच्या सूक्ष्म थेंबाला चालेलच, याची हमी नाही.

गरम पृष्ठभागावर थेंब लवकर का निवतो?

याचे उत्तर याच रोधात आहे. आंद्रे मॅकडोनाल्ड, ख्रिश्चन मोरो आणि चंद्रा यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॉलिब्डेनम आणि झिर्कोनियाचे ३८ ते ६३ मायक्रॉनचे कण काचेवर आणि इन्कोनेल या निकेलमिश्रित धातूवर फवारले. काही पृष्ठभाग खोलीच्या तापमानाला होते, काही ४०० अंशांना. वेगवान पायरोमीटरने थेंबातून येणाऱ्या प्रकाशावरून त्याचे तापमान मोजले. तापवलेल्या पृष्ठभागावर संपर्करोध दहापटीहूनही अधिक कमी निघाला. त्यामुळे तापमानातला फरक कमी असूनही उष्णता झपाट्याने खाली गेली.

या अभ्यासातला सर्वात बोलका भाग पुढे आहे. इन्कोनेलचे काही तुकडे तीन तास तापवून, पुन्हा खोलीच्या तापमानापर्यंत थंड करून मग त्यांवर फवारणी केली. त्यांच्यावरही रोध कमीच राहिला आणि थेंब वेगाने निवला. म्हणजे फवारणीच्या क्षणी पृष्ठभाग गरम असणे हे कारण नव्हते. तापवल्यामुळे त्याच्यावरून जे निघून गेले, ते कारण होते. थंड पृष्ठभागावर चिकटलेला ओलावा आणि इतर द्रव्ये थेंब पडताच वाफ होतात आणि मध्ये वायूचा पडदा तयार होतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पडद्यावर तरंगणारा थेंब निवत नाही, तो नुसता पसरत जातो, पातळ होतो आणि फाटतो.

कल्हईवाल्याला यातली अर्धी गोष्ट पूर्वीपासून ठाऊक होती. भांडे भट्टीवर चांगले तापवल्याशिवाय आणि नवसागर टाकून त्यावरचा थर काढल्याशिवाय कथील धरत नाही. तिथे भांडे कथिलाच्या वितळबिंदूच्या वर असते आणि कथील कापसाच्या बोळ्याने हाताने पसरवले जाते, हा फरक आहे. पण धातू धातूला धरण्यासाठी मधला अडसर आधी दूर व्हावा लागतो, हे सूत्र तेच.

चित्र जुळले म्हणजे कारण कळले का?

नाही, आणि संगणकीय प्रतिमानांबाबत सर्वाधिक सावध राहायची जागा हीच आहे. टोरंटोच्याच गटाने २००२ मध्ये निकेलचे थेंब पोलादावर फवारून त्यांची त्रिमितीय प्रतिमानाशी तुलना केली होती. पृष्ठभाग २९० अंशांना असताना थेंब शिंतोडे उडवत फुटले, ४०० अंशांना त्यांच्या गोल चकत्या झाल्या. प्रतिमानाने दिलेले कारण असे होते : थेंबाची कड आधी गोठते, मागून येणारा द्रव त्या बांधावर आदळतो आणि उडतो. तापवलेल्या पोलादावर ऑक्साइडमुळे संपर्करोध वाढतो, गोठणे लांबते आणि चकती नीट बसते.

म्हणजे एका अभ्यासात तापवल्याने रोध वाढला म्हणून चकती गोल, तर दुसऱ्यात रोध घटला म्हणून. शेवटचे चित्र सारखेच. दोन्ही अभ्यासांतले धातू आणि पृष्ठभाग वेगळे होते, त्यामुळे एकाने दुसरा खोटा ठरत नाही. फुटण्याचे मार्ग दोन आहेत : लवकर गोठून अडखळणे आणि टेकू न मिळाल्याने अति पसरून फाटणे. पण प्रतिमानात रोध हा जुळवून घ्यायचा आकडा असेल, तर केवळ आकार जुळल्यावरून कोणता मार्ग खरा हे ठरवता येत नाही. त्यासाठी तापमानासारखे वेगळे मोजमाप लागते.

आणखी एक धक्का २००५ मध्ये शिकागो विद्यापीठातून आला. लेई शू, वेंडी झांग आणि सिडनी नेगल यांनी अल्कोहोलचे थेंब कोरड्या काचेवर पाडताना भोवतालच्या हवेचा दाब कमी केला. दाब पुरेसा घटला, तेव्हा शिंतोडे उडणेच थांबले. तोवर बहुतेक गणितांत हवेला काही किंमत नव्हती. साध्या, न गोठणाऱ्या थेंबाबाबतही असे महत्त्वाचे कारण इतकी वर्षे नजरेआड राहिले होते.

एका थेंबावरून लेपाचा अंदाज येतो का?

थेट नाही. एक चौरस सेंटीमीटर क्षेत्रावर ०.३ मिलिमीटर जाडीचा लेप द्यायचा, तर ५० मायक्रॉनचे सुमारे साडेचार लाख थेंब लागतात. एका थेंबालाच कोट्यवधी कप्पे लागत असतील, तर लाखो थेंब तसे सोडवणे परवडणारे नाही. शिवाय पहिला थर सोडला, तर पुढचा प्रत्येक थेंब आधीच्या चकत्यांच्या उंचसखल ढिगावर पडतो. म्हणून दोन पातळ्यांवर काम चालते. काही मोजके थेंब पूर्ण तपशिलाने सोडवायचे आणि त्यातून नियम काढायचे. मग वेग, आकार, जागा यांत यादृच्छिक फरक ठेवून हजारो थेंब त्या सोप्या नियमांनी रचायचे आणि लेपाची सच्छिद्रता व खडबडीतपणा यांचा अंदाज घ्यायचा. अर्थात खालच्या पातळीवर संपर्करोधाचा आकडा चुकला, तर ती चूक वरच्या पातळीवर लाखो वेळा मोजली जाते.

पुढे काय?

आता साधने बरीच हाताशी आली आहेत. ‘ओपनफोम’सारखी मुक्त प्रणाली २००४ पासून उपलब्ध आहे आणि तीत थेंबाची कड धरून ठेवण्याची सोय आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही चांगल्या संगणकावर साधा थेंब सोडवून पाहता येतो. तयार प्रतिमानांच्या निकालांवर मशीन लर्निंग शिकवून उत्तर क्षणात मिळवण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. पण ज्या आकड्यावर मूळ निकाल उभा आहे तो कच्चा असेल, तर शिकलेले यंत्र तोच कच्चेपणा अधिक वेगाने सांगेल.

म्हणून थेंबाचे रंगीत, सुंदर ॲनिमेशन समोर आले, की एक प्रश्न आधी विचारायला हवा : संपर्करोध मोजला होता की जुळवला होता? मोजला असेल आणि त्याच धातू-पृष्ठभागाच्या जोडीसाठी मोजला असेल, तर ते प्रतिमान कारखान्यातले नमुन्यांचे ढीग खरोखर कमी करू शकते. जुळवला असेल, तर ते काय घडले असावे याचा एक चांगला तर्क देते. टर्बाइनवर लेप चढवण्याआधी या दोन गोष्टींतला फरक माहीत असलेला बरा.